सभासद बांधावर हजर पाहिजे

कुरणवाड, ता. शिरोळ
२७ जुलै २०२५

मित्रा जोतीराम,

सप्रेम जय जिनेंद्र. तुमच्या चंदगडात फोनला रेंज नाही, ही मला देवाची कृपा वाटते. नाही तर आपण दोघंही 'जेवलास काय, झोपलास काय' एवढ्यावरच आटोपलो असतो आणि माझं अक्षर कधीच मरून गेलं असतं.

आमच्या सोसायटीनं औषध फवारायचा ड्रोन घेतलाय. सहा पंख्यांचं, जेवणाच्या पाटाएवढं यंत्र. तो वर गेला की मी डोळे मिटून ऐकतो. आठवीत कवितेच्या तासाला मास्तर छडीनं टेबलावर वृत्तांचा ताल धरायचे, आठवतं? तस्साच ठेका. परवा ड्रोन चालवणारा सम्राट म्हणाला, "आप्पा, झोपलाय काय उभ्या उभ्या?" म्हटलं, "न्हाई रे, भुजंगप्रयात ऐकतोय." तो घाबरून पायाखाली साप बघायला लागला.

पण गड्या, हे पाखरू उडतं कमी आणि जीपमध्ये बसतं जास्त. एक एकर आठ मिनिटांत होतो. दिवसाला पंचवीस एकर सहज व्हावेत. होतात नऊ. कारण माझी पाळीची वही. चौऱ्याऐंशी साली सोसायटीचा पहिला फवारणी पंप आला, तेव्हापासून ही वही माझ्याकडे आहे. सभासद क्रमांकानं पाळी, पाटील नाही की कुळ नाही. या वहीवर मी आयुष्यभर मान ताठ ठेवून चाललो. आता बारा नंबरचं रान मळ्यात, तेरा नंबरचं नदीकाठाला, चौदा परत मळ्यात. पाणी, बॅटऱ्या, औषधाचे कॅन घेऊन जीप दिवसभर गावाला प्रदक्षिणा घालते.

आणि एक नियमही माझाच. सभासद स्वतः बांधावर हजर पाहिजे, त्याची सही झाल्याशिवाय पंखा फिरायचा नाही. मुलगा चालत नाही, गडी चालत नाही. पूर्वी एकाच्या नावावर दुसऱ्याचं रान फवारून घ्यायचे, म्हणून केला.

झुंबरबाईचा नंबर दोनशे चौदा, सगळ्यात शेवटचा. बावीस गुंठे सोयाबीन आहे तिचं, तेवढंच तिचं जग. काल सोसायटीच्या पायरीवर येऊन बसली.

"आप्पा, माझी पाळी कवा?"

"नंबरानं येईल की, झुंबरबाई."

"नंबरानं म्हंजे सोयाबीन वाळल्यावर?"

या चालीनं तिची पाळी दसऱ्याला येणार, आणि पानांवरचा तांबेरा रोग काही दसऱ्याची वाट बघत थांबत नाही. वही कुणाच्या तरी हाती देऊन मोकळं व्हावं, तर दोन्ही गट म्हणतात, आप्पाच बरे. त्यांचा माझ्यावर विश्वास आहे असं नव्हे, एकमेकांवर नाही. मी असा मध्ये चेपून बसलोय.

तू तीस वर्षं शेतीखात्यात काढलीस. काही सुचत असेल तर लिही.

तुझा,
आप्पासो


चंदगड
३ ऑगस्ट

आप्प्या,

नमस्कार. पत्र ओलं झालं होतं, चुलीवर धरून वाचलं. आमच्याकडं गेले अकरा दिवस सूर्य रजेवर आहे.

तुझ्या अडचणीवर मला हसू आलं. आमच्याकडं भाताची रोपलावण चाललीय. सगळ्यात वरच्या वाफ्यात सुरू करतात, तिथलं पाणी खालच्यात सोडतात, मग खालचा वाफा. वरचा वाफा गावच्या वेड्याचा असला तरी पहिला तोच. पाणी कुणाचा सभासद क्रमांक विचारत नाही.

आणि तू इतका कसा विसरलास? चौऱ्याऐंशी साली मी तुमच्या गावाला कृषी सहायक होतो. सभासद करायला आपण दोघं सायकली गावात ठेवून चालत निघालो. नदीकडून सुरुवात केली. पहिलं रान तुझं, म्हणून तू एक नंबर. तुझ्या बांधावरनं आत गेलो, तिथं पिराजी तण भांगलत होता, तो दोन नंबर. त्यानं जांभळाखाली बसवून ताक पाजलं. मग पुढचं रान, मग त्याच्या पुढचं. तीन दिवस चाललो. अरे, ते नंबर मोठेपणाचे नव्हतेच, ती आपली पायवाट होती! चाळीस वर्षांत रानं विकली, वाटली गेली, नंबर माणसांबरोबर भलतीकडं गेले. पिराजी गेल्यावर त्याच्या बायकोची, झुंबरबाईची, वारसनोंद रखडली असणार, म्हणून दोन नंबरचं रान दोनशे चौदावर जाऊन बसलं. आता तू त्या वहीची पूजा करतोयस.

पुन्हा शिवारानं पाळी लाव. लागून असलेली रानं एकापाठोपाठ एक.

वाडीला दत्ताच्या दर्शनाला ये म्हणून तू दर वर्षी लिहितोस. गुडघ्याच्या ऑपरेशनपासून मी एस्टी स्टँडच्या पलीकडं गेलेलो नाही. पुन्हा लिहू नकोस.

जोतीराम


कुरणवाड
२१ ऑगस्ट

प्रिय जोतीराम,

तुझं पत्र मी सात वेळा वाचलं. ताकाची चव अगदी जिभेवर आली.

सभा घेतली. शिवारानं पाळी म्हटल्याबरोबर कृष्णात उठला. त्याचा सहावा नंबर. "आमच्या बापानं ठिवलेला नंबर हाय त्यो. शेत द्यीन, नंबर देनार न्हाई!" दुसरा म्हणाला, "शिवारानं म्हंजे नदीकडनं, म्हंजे आप्पाचं पयलं. वा रं वा शानपन!" खरंच होतं. कुठूनही धरलं तरी माणसं म्हणणार, वहीवाल्यानं सोय बघितली.

मग मी उठलो. म्हटलं, मळ्याच्या टोकापासून सुरू करू. एक नंबर सगळ्यात शेवटी जाईल. कृष्णात खाली बसत म्हणाला, "एकच शेवटाला गेला तर सहाला काय धाड भरलीया? हूं द्या."

जोतीराम, पहिल्या दिवशी तेवीस एकर झाले, तिसऱ्या दिवशी सव्वीस! बारा दिवसांत शिवार संपलं. जीप बांधाला उभी आणि पाखरू आभाळात. लोक मला रस्त्यात थांबवून हात जोडतात. मी आपला मनात म्हणतो, ही तर आपल्या त्या पायपिटीची करामत.

झुंबरबाईचं तेवढं राहिलंय. थोडी अडचण आहे. तिचं रान जरा मध्ये पडतं. होईल. सम्राट बघतो म्हणाला आहे. झुंबरबाईही समजून घेते बिचारी.

काल संध्याकाळी आभाळ असं जांभळं झालं होतं की मला वसतिगृहाची गच्ची आठवली.

तुझा,
आप्पासो


चंदगड
२६ ऑगस्ट

आप्पासो,

सव्वीस एकर वाचून बरं वाटलं. बाकी पत्र वाचून वाटलं नाही.

दोनशे तेरा सभासदांची रानं झाली आणि एक बाई राहिली. तिचं रान 'मध्ये पडतं' म्हणतोस. ते चाळीस वर्षांपूर्वीही मध्येच होतं. तुझ्या बांधावरनं मी माझ्या या पायांनी तिथं गेलो होतो. तुझ्या पत्रात झुंबरबाई आहे, जांभळं आभाळ आहे. बांधावरची वाट कुठं आहे?

मी काल ट्रंक उघडली. आपल्या वर्गाचं हस्तलिखित अजून आहे माझ्याकडं. पान नऊ, इयत्ता आठवी ब. तुझ्याच अक्षरात:

बांधावरली वाट चिमुकली
दवात न्हाते, उन्हात सुकते;
पाय कुणाचे कधी न पुसते,
जो येतो त्या घेउन जाते.

मास्तरांनी शेजारी लाल शाईनं 'सुरेख' लिहिलंय. त्या वाटेचं काय केलंस?

जोतीराम


कुरणवाड
३० ऑगस्ट

जोतीराम,

तू ओळी लिहून पाठवायला नको होत्यास. तरी बरं झालं पाठवल्यास.

वाट नाही. ती आमच्या उसाखाली गेली.

दोन वर्षांपूर्वी आमच्या पोरानं, अभिनंदननं, रानात ठिबक केलं. तो राजारामपुरीत राहतो, महिन्यातून दोनदा येतो, पण शेतीचं सगळं डोक्यात असतं त्याच्या. ट्रॅक्टरवाल्याला म्हणाला, बांध काढून सलग करून टाक. मी जांभळाखाली बसून बघत होतो. म्हटलं, "अरे, पिराजीची वाट आहे ती." तो म्हणाला, "आण्णा, वाट एकदा दिली की कायमची होते. आणि झुंबरकाकू पुढंमागं विकणारच की. वाट नसली तर कुणाला विकेल? आपल्यालाच." मला ऐकू आलं. स्पष्ट ऐकू आलं. मी टोपी नीट केली आणि घरी आलो.

तिच्या तिन्ही बाजूंना आमचा ऊस आहे, माणसाच्या दुप्पट उंच. चौथ्या बाजूला ओढा, सध्या छातीभर पाणी. झुंबरबाई सरीतून वाकून, रांगत आत जाते. पाल्यानं तिचे हात कापलेले असतात. दोन वर्षं मी ते हात सोसायटीच्या पायरीवर बघतोय आणि पाळी येईल, पाळी येईल म्हणतोय. ती पाळी शेवटची होती म्हणून कुणाला कळलं नव्हतं. यंत्र भराभर चालायला लागलं आणि मी उघडा पडलो.

एकवीस तारखेचं पत्र लिहिलं, त्याच्या आदल्याच दिवशी शेवटची, आमच्या उसाची पाळी आली होती. झुंबरबाईही आली होती. सम्राटनं मान हलवली. "मावशे, उसातनं मला तुझं रान दिसत न्हाई. न दिसता उडवाय बंदी हाय मला. आत येऊन उभारलो आन बिघडून अंगावर आलं तर पळू कुठनं? जीप लांबच ऱ्हायली." मग त्यानं संगणकात तिच्या नावापुढं लिहिलं, 'वाट नाही'. आणि वही माझ्यापुढं केली. "आप्पा, तुमची सही." मी केली. आमच्या सहा एकरांवर औषधाचं धुकं पडलं आणि मधले बावीस गुंठे कोरडे राहिले. झुंबरबाई एवढंच म्हणाली, "तुमचं झालं न्हवं? बरं झालं." टोमणा असता तर सोसला असता. तिला खरंच बरं वाटलं होतं.

तिच्या पानांवर आता तांबूस ठिपके आलेत. पाठपंपवाली माणसं बावीस गुंठ्यांसाठी सरीतून पाणी ओढायला तयार नाहीत.

तू म्हणशील, मग वाट दे. कुठून देऊ? अभिनंदनची आई पद्मावती गेल्यावर गेल्या साली मी सगळं रान त्याच्या नावावर करून दिलं. हे तुला सांगितलं नव्हतं. सातबाऱ्यावर मी नाही. सोसायटीचं सभासदत्व तेवढं चुकून माझ्या नावावर राहिलंय. परवा त्याला फोन केला.

"दोन सऱ्यांचा प्रश्न आहे रे."

"आण्णा, दोन सऱ्यांचा न्हाई. तुम्ही वहीत लक्ष घाला, रानात नको."

ज्या रानाची मी चाळीस वर्षं पाळी लावली, त्यात मला पाऊल टाकायला मुलाला विचारावं लागतं. मी ह्या उसात आत शिरलोय, जोतीराम, आणि मलाही वाट दिसत नाही.

आप्पासो


पोस्टकार्ड, चंदगड
३ सप्टेंबर

आप्पासो,

तुला कंजूष समजलो होतो. चुकलो.

तांबेऱ्याचा ठिपका दिसल्यापासून पंधरवड्यात पानं गळतात. तुझं पत्र लिहिलेलं तीसला, मला मिळालं तीनला, हे तुला मिळेल सातला. बाकीचा हिशेब तू कर. कविता नंतर.

जोतीराम


कुरणवाड
९ सप्टेंबर

प्रिय जोतीराम,

हाताला फोड आलेत, अक्षराला हसू नकोस.

कार्ड परवा मिळालं. काल सकाळी उजाडताच कोयता घेऊन रानात गेलो. जिथं बांध होता तिथं जांभूळ अजून आहे, म्हणजे जागा चुकायची नव्हती. ठिबकच्या नळ्या गुंडाळून बाजूला ठेवल्या आणि पहिला ऊस तोडला. मग दुसरा. आठ वाजेपर्यंत मी आपल्या वर्गाच्या फळ्याइतकी जागा केली होती आणि धाप लागून सरीत बसलो होतो. तीनशे फूट जायचं होतं.

तेवढ्यात पलीकडून आवाज आला, खस् खस्. मी ओरडलो, "कोण हाय?"

"मी हाय. तुमचा कोयता ऐकला. हिकडनं मी तोडत येते, तिकडनं तुम्ही या."

तिला कुणी काही सांगितलं नव्हतं.

मग कृष्णात म्हशीला वैरण आणायला निघालेला दिसला. "आप्पा, येड्यागत काय कराय लागलाय? तोडीला अजून तीन म्हैनं हाइत!"

म्हटलं, "वाट करतोय."

"अभिनंदनला इचारलंय काय?"

"न्हाई."

त्यानं मला खालपासून वरपर्यंत बघितलं. मग म्हणाला, "वाडं कोन नेनार हाय?"

तुला माहीत आहे, उसाचा शेंडा, वाडं, तोडणाऱ्याचं. हिरवं वाडं फुकट मिळतंय म्हटल्यावर तासाभरात नऊ माणसं कोयते घेऊन आली. न्याय, वाट, पिराजी, कुणी नाव काढलं नाही. प्रत्येकाच्या डोळ्यांपुढं आपापली म्हैस. दोन वाजता मधला शेवटचा ऊस पडला आणि समोर झुंबरबाई उभी होती, पदरानं तोंड पुसत. दोन वर्षांत पहिल्यांदा ती तिच्या रानातून उभ्यानं चालत बाहेर आली. आली, जांभळाला हात लावला आणि परत आत गेली. पुन्हा आली. असं तीनदा केलं. कृष्णात म्हणाला, "म्हातारी येडी झाली." मला वाटतं तेव्हा सगळ्यांत शहाणी तीच होती.

सम्राटनं जीप आत घातली. झुंबरबाईनं अंगठा दिला. चार मिनिटांत बावीस गुंठे झाले. चार मिनिटं, जोतीराम! त्यासाठी दोन वर्षं.

ओढ्याकडचा निम्मा तुकडा गेलाय, खालची पानं गळालीत. सम्राट म्हणतो, जांभळाकडचा निम्मा हाताला लागेल.

अभिनंदनला कुणीतरी फोन केलाय. संध्याकाळी येतोय. मी अंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून बसलोय, शाळेत इन्स्पेक्टर येणार असला की बसायचो तसा.

तुझा,
आप्पासो


चंदगड
२० सप्टेंबर

आप्पासो,

नऊ तारखेनंतर पत्र नाही. पोस्टमनला रोज विचारतो, तो आता मला बघून सायकल वळवतो. दोन ओळी लिही. नुसतं 'आहे' लिहिलंस तरी चालेल.

जोतीराम


राजारामपुरी, कोल्हापूर
२८ सप्टेंबर

प्रिय जोतीराम,

आहे.

तुझं पत्र कुरणवाडला जाऊन इथं आलं. सोनलनं, म्हणजे सूनबाईनं, आणून दिलं. लिहायला कोऱ्या वहीतली चार पानंही तिनंच फाडून दिली.

अभिनंदन त्या संध्याकाळी आला. मला वाटलं होतं ओरडेल. त्यानं वाट बघितली, मग मला बघितलं. माझ्या हातांना फोड आले होते आणि उठताना मला भोवळ आली. त्यानं मला सरळ गाडीत घातलं. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या. तेव्हापासून मी इथं चौथ्या मजल्यावर आहे. "आण्णा, आता एकटं राहायचं नाही," म्हणतो. वाईट काय बोलतो तो? गोळ्या वेळेवर देतो. रात्री दोनदा उठून माझ्या अंगावरचं पांघरूण बघतो. असल्या माणसाशी भांडायचं कसं, सांग.

माझ्या वहाणा सोनलनं धुऊन वरच्या कपाटात ठेवल्यात. घरात मऊ सपाता. लिफ्टचं बटण मला दाबता येतं, पण खाली उतरून जायचं कुठं? गॅलरीला जाळी आहे. समोर कोचिंग क्लास, त्याच्या मागं दुसरा क्लास. दिवसभर पोरं येतात-जातात, एकही मोठ्यानं काही म्हणत नाही. मी आपल्या आठवीच्या पुस्तकातल्या कविता मनातल्या मनात म्हणायला घेतल्या, तर चौथ्या कडव्यावर सगळ्या अडकतात. तू जवळ असतास तर पुढचा शब्द दिला असतास.

वाटेच्या तोंडाला दसऱ्यानंतर तो तारेचं कुंपण घालणार आहे. जेवताना सहज म्हणाला, भाजी वाढ म्हणावं तसं. मी भात कालवत राहिलो. पुन्हा तसाच, त्या जांभळाखाली बसल्यासारखा.

सोयाबीनचं काय झालं, ते मला कुणी सांगत नाही.

आप्पासो


कुरणवाड, सोसायटीच्या पायरीवरून
८ ऑक्टोबर

आप्प्या,

पत्ता नीट वाच. हो, कुरणवाडच. तीन एस्ट्या बदलून आलो. गुडघ्याला गडहिंग्लजपर्यंत शिव्या दिल्या, पुढं तोच मला देत होता. काल रात्री कृष्णातकडं मुक्काम केला. त्याची म्हैस तुझ्या वाड्यावर चांगली गुबगुबीत झालीय.

वाट चालून आलो. जांभळापासून झुंबरबाईच्या रानापर्यंत एकशे बारा पावलं, माझ्या सध्याच्या लंगड्या पावलांची. वाटेवर गवत नाही. झुंबरबाई दिवसातून चार वेळा विनाकारण ये-जा करते.

मला बघून म्हणाली, "कोन गाव पावणं?"

म्हटलं, "चंदगड. चौऱ्याऐंशी साली तुमच्या मालकानं ताक पाजलं होतं."

तिनं डोळ्यांवर हात धरून मला बघितलं. "सायकलवालं?" म्हणाली. मग ताक आणलं.

सोयाबीनची मळणी झाली. गेल्या साली सात पोती, यंदा साडेतीन. "निम्मं गेलं," मी म्हटलं. ती म्हणाली, "निम्मं आलं की." बियाण्याचं तिनं वेगळं काढून ठेवलंय.

आता कुंपणाचं ऐक. शनिवारी अभिनंदन दोन गडी आणि तारेचं बंडल घेऊन आला. वाटेच्या तोंडाला वीसएक सभासद उभे होते. तू असतास तर डोळे भरून आले असते तुझे, म्हणून आधीच सांगतो, कुणीही धर्मासाठी उभं नव्हतं. ओढ्याचं पाणी ओसरलंय. फवारणीची दुसरी फेरी सुरू झालीय आणि जीप आता तुझ्या वाटेनं आत जाते, झुंबरबाईच्या बांधाकडेनं ओढा ओलांडून थेट मळ्यात निघते. साडेतीन किलोमीटरचा वळसा वाचतो. दिवसाला एकतीस एकर होतात. कृष्णात अभिनंदनला म्हणाला, "घाल की कुंपन. पन मग दिसाला आठ एकर कमी होत्यात, ते कुनाचं कमी करायचं तेवढं लिहून दे. पाळीची वही हाय हितं." पोरगं तुझंच आहे, हिशेब चटकन कळतो त्याला. तारेचं बंडल परत गाडीत गेलं.

सम्राटनं संगणकात 'वाट नाही' खोडलंय.

उरलं तुझं रान. उसावर पांढरी माशी दिसायला लागलीय, अभिनंदनला घाई आहे. त्यानं सम्राटला सांगितलं, सोमवारी आमचं घे, मी सही करतो. सम्राटनं नियम दाखवला. सभासद स्वतः बांधावर हजर पाहिजे, मुलगा चालत नाही. रान याचं, सभासद तू. अभिनंदन चिडला, म्हणाला, हा असला खुळा नियम केलाय तरी कुणी? वीसच्या वीस माणसं एकदम हसली म्हणे. शेवटी तोही हसला.

तेव्हा सोमवारी, तेरा तारखेला, सकाळी तो तुला घेऊन येतोय. कपाटातल्या वहाणा काढून घे. एक नंबर यादीत शेवटचा, दहाच्या आधी पाळी यायची नाही, पण तू लवकर निघ. मी जांभळाखाली बसलेला असेन. हस्तलिखित पिशवीत आहे, अडकलेले शब्द घेऊन ये.

संध्याकाळी तुला परत त्या चौथ्या मजल्यावर जावं लागेल, हे मलाही कळतं. म्हणून एक सांगून ठेवतो. सम्राट वही पुढं करील. घाई करू नकोस. चष्मा पूस, पेन झटकून बघ. मग आठवीत मास्तर लिहून घ्यायचे तसं पूर्ण नाव लिही, वडिलांच्या नावासकट, एकेक अक्षर सुटं, गोल, सावकाश. तू सही करेपर्यंत पंखा फिरत नाही.

तुझा,
जोतीराम